दहा काचा

मलेरियावाल्या हरिदासची सायकल अंगणात आली की गोकुळाच्या कपाळाला आठी पडायची. कुडाला टेकवली तर कूड वाकतो, हे तिनं चारदा सांगितल्यापासून तो ती अंगणाच्या मधोमध, वाळत घातलेल्या शिंगाड्यांच्या शेजारी आडवी टाकायचा. पंधरा दिवसांतून एकदा त्याची फेरी. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत काचांची डबी, सुया, कापूस, स्पिरिटची बाटली, आणि बगलेत रजिस्टर. ओसरीवर बसताना आधी हात टेकणार, मग बूड, मग एक लांब सुस्कारा. सरकारानं असली माणसं कुठून निवडून काढली, हे गोकुळाला कधी कळलं नाही.

"पत्रू, आण बोट."

आणि तिचा नवरा बोट आणायचा. पत्रू जातीनं ढिवर, मासे धरणारा, गावचा एवढा मोठा तलाव डोळे मिटून पार करणारा, पण ओसरीवर सरकारी माणूस बसला की त्याचा पार लोण्याचा गोळा व्हायचा. धोतराला हात पुसून तो उकिडवा बसला आणि डावा हात पुढे केला.

"कोणाच्या नावानं, बाबू?"

"मुखरू मडावी."

"मुखरू मडावी," पत्रू म्हणाला. सुई टोचली. हरिदासनं बोट दाबून थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेनं पसरवला. मग लच्छू मडावी. मग रुखमा मडावी. एका बोटात तीन-चार काचा निघत, मग दुसरं बोट. दहा नावं, दहा काचा, तीन बोटं. पत्रू प्रत्येक नाव त्याच्या मागून म्हणायचा. आषाढापासून म्हणून म्हणून त्याला ती यादी पाठ झाली होती.

ही दहा माणसं तलावाच्या पल्याडच्या टोल्यातली. अठरा घरांचा गोंडांचा टोला, मागे सगळं जंगल. हरिदासनं तिथं महिन्यातून दोनदा जायचं, कोणाला ताप आहे विचारायचं, असेल त्याचं रक्त काचेवर घ्यायचं, चार कडू गोळ्या द्यायच्या आणि काच तपासायला पाठवायची. एवढंच काम. पण नाल्यावरचा रपटा आषाढातच वाहून गेला होता, आणि तलावातून डोंग्यानं जायचं तर बाबूला पाण्याची भीती. पत्रूनं दहादा म्हटलं, बाबू, बसा, मी नेतो. हरिदास डोंग्याकडे पाहायचा आणि ओसरीवर यायचा.

"बाबू," शिंगाडे सोलता सोलता गोकुळा म्हणाली, "टोल्यातल्या माणसाईच्या अंगात रक्त नाई का?"

"रक्त रक्तच असते, बाई. वरती काचा मोजतेत."

"मंग तुमचं का वाईट आहे? ते घ्या ना."

"गप ना वो," पत्रू म्हणाला. "आपलं रक्त चंद्रपूरले जाते. तिथी मशीनीत पाह्यतेत."

गोकुळानं नवऱ्याकडे पाहिलं. गावातल्या पाटलानं ज्याला कधी ओसरीवर बस म्हटलं नाही, त्याचं रक्त मशीनीत पाहतात म्हणून हा बाप्या फुगून बसला होता. तिनं शिंगाड्यावर सुरी जरा जोरातच मारली. टोल्याचा विचार मात्र तिच्याही मनात आला नाही. टोल्यातली माणसं म्हणजे बाजाराला चारोळी आणि डिंक घेऊन येणारी, मागाल त्या भावात देऊन जाणारी. त्यांच्या काचा खऱ्या की खोट्या, तिला काय करायचं होतं? तिची तक्रार नवऱ्याच्या बोटांपुरती होती.

कारण अश्विन लागला होता, आणि बोटांचंच काम होतं. शिंगाड्याचे वेल तलावभर पसरले होते. पत्रू सकाळी छातीइतक्या पाण्यात उतरायचा, वेल उलटा करायचा, काटे चुकवत एकेक शिंगाडा तोडून टोपल्यात टाकायचा. दुपारपर्यंत हात पाण्यात राहून पांढरे पडायचे, टोचलेली बोटं फुगायची आणि नखाशी पू धरायची. गोकुळा आलेला माल मोठ्या गंजात उकडायची, काळा झालेला एकेक शिंगाडा सोलायची, आणि गुरुवारी डोक्यावर टोपलं घेऊन बाजार गाठायची. संध्याकाळी ती नवऱ्याच्या बोटांना हळद लावायची आणि लावताना हरिदासच्या सात पिढ्या काढायची. पत्रू हसायचा.

काचा घेतल्याच्या चौथ्या दिवशी पत्रू भर दुपारीच पाण्याबाहेर आला. दात वाजत होते. गोकुळानं घरातल्या दोन्ही वाकळा त्याच्या अंगावर टाकल्या, वरून पोतं टाकलं, तरी खाट हलत होती. दिवस कलता कलता अंग तापलं, मग घाम सुटला आणि उतरला. दुसऱ्या दिवशी गडी पुन्हा पाण्यात. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गुरुवारी बाजारात हरिदास हॉटेलच्या बाकड्यावर भजी खाताना सापडला.

"बाबू, आमच्या घरच्याले हिव भरून राह्यलं. त्याच्या नावाची काच घ्या."

"तुमच्या गावच्या काचा झाल्या ना या महिन्याच्या. आता पुढच्या महिन्यात पाहू."

"तापाले सांगू का मंग, पुढच्या महिन्यात ये म्हणून?"

बाकड्यावरचे लोक हसले. हरिदासवर नाही, तिच्यावर हसले. डोक्यावर टोपलं, पदराला माशांचा वास आणि ही बाई सरकारी माणसाशी हुज्जत घालते, म्हणून हसले. हरिदासनं सदऱ्याच्या खिशातून चार गोळ्या काढल्या आणि तिच्या तळहातावर टाकल्या. गोळ्यांना भज्यांचं तेल लागलेलं होतं.

"दे त्याले. दोन दिवसांत उठते."

टोल्याच्या नावानं दर फेरीला चाळीस गोळ्या निघतात, त्या कुठं जातात, हे विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं. तिनं गिळलं. या चार गोळ्याही त्यानं परत मागितल्या असत्या.

ताप उतरला खरा. आठ दिवस पत्रूनं शिंगाडे तोडले. नवव्या दिवशी ताप आला तो थंडी न वाजताच आला, आणि मग उतरलाच नाही. डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी व्हायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी तो आढ्याकडे पाहून बोलायला लागला. शेजारणीनं पुजारी आणला. पुजाऱ्यानं दंडाला दोरा बांधला, कोंबड्याचं नाव काढलं, आणि गोकुळानं त्याला दाराबाहेर काढलं. बसचा रस्ता चार मैलांवर. गावातल्या बैलगाड्या हलक्या धानाच्या कापणीत अडकलेल्या. कशीबशी एक गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची मिळाली.

त्या सकाळी गाडीच्या आधी जीप आली.

जीप सरळ तलावाच्या पाळीवर चढून थांबली. आतून तरुण डॉक्टर उतरला, डोळ्यांवर चष्मा, पायात बूट. मागे दोन पेट्या, फवारणीचे पंप, आणि पंपांच्या मागे अंग चोरून बसलेला हरिदास. त्याचा चेहरा पाहून गोकुळाला वाटलं, यालाही ताप आला की काय.

"टोल्यातल्या दहाच्या दहा काचा खराब निघाल्या आहेत," डॉक्टर जमलेल्या लोकांना म्हणाला. बोली पुण्याकडची. "साधा नाही, डोक्यात जाणारा मलेरिया आहे. जिल्ह्यावरून निरोप आलाय. आम्हाला आत्ताच्या आत्ता पलीकडे जायचंय. डोंगा कोणाचा आहे?"

"पत्रूचा," कोणीतरी म्हणालं. "पण तोच पडून हाये."

डॉक्टर वाकून दारातून आत आला. त्यानं पत्रूची पापणी ओढून पाहिली, पोटावर हात दाबून पाहिला, आणि विचारलं, "काय नाव तुझं?"

पत्रूनं डोळे उघडले. डॉक्टर त्याला दिसला की नाही कोण जाणे, पण दारातली खाकी पिशवी दिसली. त्यानं डावा हात वाकळेबाहेर काढला आणि तीन बोटं पुढे केली.

"मुखरू मडावी," तो म्हणाला. "लच्छू मडावी. रुखमा मडावी. मनसाराम कोवे..."

एकही नाव न चुकवता त्यानं दहा नावं म्हटली. डॉक्टरनं खिशातून कागद काढला होता आणि तो एकेका ओळीवर बोट सरकवत होता. दहावं नाव संपलं तेव्हा बोटही कागदाच्या तळाशी पोचलं.

"हरिदास, हा काय प्रकार आहे?"

"तापात बडबडून राह्यला, साहेब."

"तापात नाई," गोकुळा म्हणाली. "तुमच्या या माणसानं पढवलं त्याले. दर पंधरा दिवसाले इथी बसून त्याची बोटं टोचते, नाव टोल्याचं लिहिते. तुमच्या दहा काचा याच माणसाच्या आहेत. हा पाहा त्याचा हात."

डॉक्टरनं हात पाहिला. पोरगा मूर्ख नव्हता, त्याला सगळं एका क्षणात समजलं, आणि त्याचाच गोकुळाला पुढे सर्वांत जास्त राग आला. मूर्ख माणसाला माफ करता येतं. डॉक्टरनं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"रिपोर्ट वर गेला आहे, बाई. कागदावर रोगी टोल्यात आहेत. मला तिथं जाऊन दहा जणांना औषध दिलं म्हणून अंगठे आणावे लागतील. याला मी गोळ्या देतो, संध्याकाळी परत जाताना जीपमधून दवाखान्यात नेऊ."

गोळ्या दिल्या. पत्रूनं त्या पाण्यासकट ओकल्या. परत दिल्या, परत ओकल्या. बैलगाडीचे चार मैल त्याला आता झेपणार नव्हते.

"पेटीत सलाईन आहे ना, साहेब? सुईनं द्या."

"दोनच बाटल्या आहेत. टोल्यात कोणी सीरियस निघालं तर काय देऊ? ज्याचं नाव यादीत आहे, त्याच्यासाठी आहेत त्या."

"यादीतलं रक्त कोणाचं आहे?"

डॉक्टरनं पेटी बंद केली. बाहेर जाऊन त्यानं डोंगा कोण नेईल म्हणून विचारलं. गडीमाणसं पायांकडे पाहायला लागली. गोकुळानं पदर खोचला.

"मी नेते," ती म्हणाली.

कोरलेल्या लाकडाचा डोंगा. बसणाऱ्यानं शिंकलं तरी डुलतो. डॉक्टर मध्ये बसला, मांडीवर औषधांची पेटी. हरिदास त्याच्यासमोर, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून, डोळे अर्धे मिटून. गोकुळा मागच्या टोकाला बांबू घेऊन उभी. काठाचे शिंगाड्याचे वेल मागे पडले, कमळाची पानं मागे पडली, आणि बांबूला तळ जेमतेम लागू लागला तेव्हा तिनं बांबू वर ओढून आडवा ठेवला आणि खाली बसली.

"काय झालं?" डॉक्टरनं विचारलं.

"काई नाई. बसली."

"चल, उशीर होतोय."

"मले नाई होत. माझ्या माणसाले होऊन राह्यला." गोकुळानं हात मांडीवर ठेवले. "साहेब, ज्याच्या अंगातून तुमचा रोग निघाला, तो मागं खाटेवर आहे. तुमची सुई पुढं चालली. असं औषध मी तरी पाह्यलं नाई."

"तू सरकारी कामात अडथळा आणते आहेस. मी लिहू शकतो हे."

"लिहा. पण माझ्याच नावानं लिहा बरं."

वाऱ्यानं डोंगा फिरायला लागला. एका कडेवरून ओंजळभर पाणी आत आलं आणि हरिदासच्या पायजम्यात गेलं. त्यानं असा आवाज काढला, की डॉक्टरही दचकला.

"बाई, हाकल. वहिनी, तुझ्या पाया पडतो. बुडवशील का आमाले?"

"मी कोणाले बुडवत नाई. मी फक्त बसली आहे." तिनं त्याच्याकडे पाहिलं. चार महिने ओसरीवर तंगड्या पसरून बसणारा हा माणूस पाण्यावर केवढासा झाला होता. तिला कीव यायला हवी होती, पण आली नाही. उलट बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. "तू सांग साहेबाले. कोणाचं रक्त होतं ते."

"त्याचंच, साहेब," हरिदास रडत म्हणाला. "आषाढापासून सगळ्या त्याच्याच. टोल्यात मी गेलोच नाई. आता वळवा तिले."

डॉक्टरनं घड्याळ पाहिलं, पल्याडचा काठ पाहिला, आणि चष्मा काढून पुसला.

"वळव," तो म्हणाला.

औषध मिसळलेली सलाईनची बाटली आढ्याच्या लाकडाला सुतळीनं टांगली. डॉक्टरचा हात मात्र चांगला होता, पहिल्याच टोचणीत शीर सापडली. थेंब थेंब औषध उतरत राहिलं. गोकुळा नवऱ्याचा हात धरून बसली, हलवू नये म्हणून. दुपार सरली. तिसऱ्या प्रहरी पत्रूच्या कपाळावर घाम आला, मग मानेवर, मग वाकळ भिजली. त्यानं डोळे उघडून बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "शिंगाडे काढले का वो?"

गोकुळाला रडू आलं. या दोघांच्या देखत आलं, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"वाचला," हात धुता धुता डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज खरोखर खुशीचा होता. "बाकीच्या गोळ्या सात दिवस चुकवू नकोस."

"आणि टोला, साहेब?" पाळीवर उभ्या असलेल्या एकानं विचारलं.

"टोल्याचं काय? काचा टोल्याच्या नव्हत्याच, हे आता कळलंच आहे. म्हणजे टोल्यात कोणी आजारी नाही." दिवस मावळायला आला होता, आणि त्याला परत डोंग्यात बसायचं नव्हतं. दहा नावांच्या दहा पुड्या बांधून तयार होत्या. त्यानं त्या गोकुळाच्या ओसरीवर ठेवल्या. "या उद्या तिकडे पोचवून दे. खाल्ल्या तर खाल्ल्या, नुकसान नाही."

जीपच्या बॉनेटवर रजिस्टर उघडून हरिदास उभा होता. ओला पायजमा पायांना चिकटलेला. शाईच्या डबीत अंगठा बुडवून तो रकान्यात टेकवत होता, फडक्यानं पुसत होता, आणि पुन्हा टेकवत होता. दहाही नावांपुढे त्याचाच अंगठा. गोकुळानं ते पाहिलं आणि ती आत वळली. तिचा माणूस वाचला होता. दुसरी बाटली पेटीत परत गेली, पेटी जीपमध्ये गेली, आणि जीप निघून गेली.

रात्रभर पत्रू शांत झोपला. सकाळी पेज प्यायला आणि पहिलं काय विचारलं तर, "मुखरूची पुडी गेली का?"

"तुमचा कोण लागते तो मुखरू?"

"कोणी नाई. पण चार महिने त्याचं नाव घेऊन राह्यलो ना मी. पोचव वो."

ती चिडलीच. पण पुड्या पदरात बांधून डोंगा काढला. कडू गोळ्यांचं ओझं घरात कशाला, असं मनाशी म्हणत तिनं तलाव पार केला.

टोल्याच्या पहिल्या घराच्या दारात एक बाई मोहाच्या पत्रावळी लावत बसली होती. गळ्यात नुसता काळा दोरा, त्यात मणी नाहीत.

"मुखरू मडावीचं घर कोणतं?"

"हेच आहे. मी रुखमा, त्याची बायको." बाईनं मान वर केली नाही. "तो पोळ्याच्या दिवशी गेला."

"कुठी गेला?"

"मेला, बाई. ताप होता. चार दिवस बडबडला, मंग गेला."

पोळा होऊन दोन महिने झाले होते. दोन महिने तिच्या ओसरीवर या माणसाच्या नावाचं रक्त निघत होतं.

"आणि लच्छू?"

"त्याच्या आदीच. मनसारामचं लेकरू गेलं. आता वरच्या तीन घराईत ताप आहे." रुखमानं हातातली काडी पानात खोचली. "पह्यले एक मलेरियावाला येत होता. औंदा कोणीच नाई आलं."

गोकुळानं पदराची गाठ सोडली आणि मुखरूची पुडी काढली. रुखमानं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"माणसाची पुडी पोरीले चालते का?" तिनं विचारलं.

आत जमिनीवर सात-आठ वर्षांची पोरगी पडली होती. गोकुळानं कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. पापणी ओढली. डोळा पिवळा होता. तिनं गोळी फोडली, अर्धी पाण्यात विरघळवून तोंडात सोडली. पोरीनं ती ओकली. उरलेली अर्धी दिली, तीही ओकली.

पुढं काय लागतं, ते गोकुळाला काल कळलं होतं. ते काल याच तलावाच्या मध्यापर्यंत आलं होतं, आणि तिनंच परत फिरवलं होतं. तिनं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. अंगात वजन कसलं ते नव्हतंच.

"चाल. डोंग्यानं काठ, मंग बैलगाडी पाहू, नाई तर पायी. दवाखान्यात नेऊ."

रुखमा उठली, पण उंबऱ्यात थांबली. दवाखाना तिनं कधी पाहिला नव्हता, आणि हाकलून दिलेली माणसं पुष्कळ पाहिली होती.

"आमाले घेतीन का तिथी? आमचं नाव कुठी आहे त्याईच्याजवळ?"

"आहे," गोकुळा म्हणाली. "अंगठाबी आहे. चाल."